जुन्या मालवाहू गाडीचा हायड्रॉलिक क्लच : गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वीची तपासणी

लासलगावच्या बाजारात कांदा पोहोचवणारी असो, कोलारच्या बाजारात टोमॅटो नेणारी असो, की हिमाचलातील बागेतून सफरचंदाच्या पेट्या उतरवणारी असो, शेतमालाची पहिली वाहतूक बहुधा एखाद्या जुन्या पिकअप गाडीच्या किंवा जीपच्या वाट्याला येते. पंधरा-वीस वर्षे चाललेली ही गाडी नेमकी हंगामात अडते. गिअर पडेनासा होतो किंवा पडताना करकरतो. गॅरेजमध्ये 'क्लच प्लेट गेली' असे निदान होते, गिअरबॉक्स उतरवला जातो आणि नवी प्लेट बसते. त्यात गाडीचा किमान एक दिवस आणि मालकाची बरीच रक्कम जाते. काही दिवसांतच तीच तक्रार पुन्हा सुरू होते, कारण दोष प्लेटमध्ये नव्हताच. तो पेडलपासून गिअरबॉक्सच्या कवचापर्यंत जाणाऱ्या ऑइलच्या मार्गात होता.

ही चूक वारंवार घडण्यामागे एक समजण्याजोगे कारण आहे. ग्रामीण भागातील अनेक कारागीर ट्रॅक्टरवर काम शिकलेले असतात. जुन्या ट्रॅक्टरपैकी बहुतेकांत क्लच सळ्या आणि तरफांच्या यांत्रिक जोडणीने चालतो. तेथे मोकळी चाल वाढली की सळीचा नट फिरवून ती जुळवता येते आणि तेवढ्याने भागले नाही, तर प्लेटच पाहावी लागते. हायड्रॉलिक क्लचमध्ये या दोहोंच्या मधे आणखी एक दुवा असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तपासणीत सुटतो. वस्तुतः या दुव्याची तपासणी सर्वांत स्वस्त असून तिला पोलादी मोजपट्टी, टॉर्च, एक मदतनीस आणि अर्धा तास एवढेच पुरते.

चमचाभर ऑइलचे काम

पेडल दाबले की त्याचा दांडा मास्टर सिलिंडरमधील दट्ट्या म्हणजेच पिस्टन पुढे ढकलतो. पुढे ढकललेले ब्रेक ऑइल धातूच्या व रबरी नळीतून स्लेव्ह सिलिंडरमध्ये जाते. गिअरबॉक्सच्या कवचावर बाहेरून बसवलेल्या या सिलिंडरचा दट्ट्या क्लचच्या फोर्कला रेटतो, फोर्क रिलीज बेअरिंगला आणि बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगला. तेव्हा कोठे क्लच प्लेट मोकळी होते. तिच्या प्रत्येक बाजूला मिळणारी फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. दीडशे मिलिमीटर खाली गेलेल्या पेडलचे अखेरचे फलित एवढेच.

आकडे मांडून पाहिले म्हणजे ही रचना किती काटेकोर आहे ते कळते. समजा, मास्टर सिलिंडरचा आतला व्यास ५/८ इंच, म्हणजे सुमारे १५.९ मिलिमीटर, आणि स्लेव्हचा ३/४ इंच, म्हणजे सुमारे १९ मिलिमीटर आहे. दट्ट्यांचे क्षेत्रफळ अनुक्रमे सुमारे २ आणि २.८५ चौरस सेंटिमीटर येते. मास्टरचा दट्ट्या २५ मिलिमीटर सरकला तर ५ मिलिलिटर ऑइल पुढे जाते. चहाचा एक चमचा भरेल इतके. त्यातून स्लेव्हचा दट्ट्या सुमारे साडेसतरा मिलिमीटर सरकतो.

आता या मार्गात १ मिलिलिटर हवा अडकली आहे असे धरावे. पायाने १२ किलोचा जोर दिला आणि पेडलची तरफ तो सहापट करत असेल, तर मास्टरच्या दट्ट्यावर ७२ किलोचा जोर येतो आणि ऑइलचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ३६ किलोपर्यंत चढतो. द्रव दाबला जात नाही, हवा मात्र दाबली जाते. एवढ्या दाबाखाली त्या बुडबुड्याचे आकारमान नगण्य उरते. म्हणजे पाच मिलिलिटरपैकी एक मिलिलिटर ऑइल केवळ बुडबुडा दाबण्यात खर्ची पडते आणि स्लेव्हची चाल साडेतीन मिलिमीटरने घटते. अर्ध्या मिलिमीटरच्या फटीसाठी चाललेल्या खटाटोपात ही घट मोठी आहे. प्लेट नवी कोरी असली तरी ती सुटणार नाही.

तक्रार नेमकी कोणती?

'क्लच खराब आहे' या वाक्याचे दोन परस्परविरोधी अर्थ होतात. पहिला, पेडल दाबूनही क्लच सुटत नाही. दुसरा, पेडल सोडूनही क्लच पकडत नाही, घसरतो. चालकाच्या बोलण्यात हे दोन्ही अर्थ मिसळतात, म्हणून तपासणाऱ्याने ते स्वतः वेगळे करावेत.

प्रथम इंजिन बंद ठेवून सर्व गिअर टाकून पाहावेत. इंजिन बंद असताना गिअर सहज पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, तर क्लच सुटत नाही हे जवळजवळ निश्चित होते. बंद इंजिनावरही गिअर अडत असतील, तर दोष गिअरच्या दांड्यात, त्याच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्समध्ये शोधावा. धावत्या गाडीत एकच विशिष्ट गिअर करकरत असेल, तर बहुधा त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजलेली असते आणि क्लचचा त्याच्याशी संबंध नसतो. खात्रीसाठी आणखी एक चाचणी आहे. इंजिन मंद चालू ठेवून पेडल तळापर्यंत दाबावे, पाच सेकंद थांबावे आणि मग रिव्हर्स टाकावा. क्लच पूर्ण सुटत असेल, तर तेवढ्या वेळात गिअरबॉक्सचा शाफ्ट थांबतो आणि रिव्हर्स आवाज न करता पडतो.

घसरणाऱ्या क्लचची खूण वेगळी असते. चढावर भरल्या गाडीत इंजिनाचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही, आणि जळकट वास येतो. मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक ओढून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडल्यास इंजिन बंद पडायला हवे. ते चालूच राहिले तर क्लच घसरतो आहे. ही चाचणी एकदाच करावी. पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट तापून चाचणीच दोष निर्माण करते.

क्लच सुटत नसेल तर

येथे पायाची संवेदना बरेच काही सांगते. पेडल दोन-तीन वेळा झटपट दाबल्यावर गिअर नीट पडत असेल, तर मार्गात हवा आहे, ऑइल कमी आहे किंवा दांड्यांची मोकळी चाल प्रमाणाबाहेर वाढली आहे. प्रत्येक झटक्यास मास्टर टाकीतून थोडे ऑइल ओढून पुढे भरतो आणि तूट तात्पुरती भरून निघते.

याउलट, पेडल दाबल्यावर गिअर नीट पडतो, परंतु सिग्नलवर पाय तसाच ठेवला असता गाडी हळूहळू पुढे सरकू लागते, हे लक्षण मास्टर सिलिंडरचे. त्याच्या दट्ट्यावरील रबरी कप झिजला की दाबाखालील ऑइल कपाच्या कडेने मागे टाकीत परतते. या दोषात बाहेर एक थेंबही सांडत नाही आणि टाकीतील पातळीही घटत नाही. 'गळती नाही, म्हणजे हायड्रॉलिक ठीक आहे' हा निष्कर्ष म्हणूनच फसवा ठरतो, आणि अनावश्यक उतरवलेल्या गिअरबॉक्सपैकी पुष्कळांचे मूळ या एका वाक्यात असते.

पातळी घटत असेल, तर मात्र ऑइल कोठेतरी बाहेर पडते आहे. चालकाच्या पायापाशी, जेथे पेडलचा दांडा मास्टरमध्ये शिरतो, तेथे बोट फिरवावे. ओलसरपणा किंवा उखडलेला रंग ही खूण पुरेशी आहे, कारण ब्रेक ऑइल रंग खाते. पायाखालची मॅट उचलून पाहावी. नंतर गाडीखाली स्लेव्हचे रबरी बूट मागे सरकवून आत पाहावे. तेथे साचलेले ऑइल हे त्याचा कप गेल्याचे लक्षण. रबरी नळीच्या दोन्ही टोकांच्या जोडण्या आणि धातूच्या नळीचा चासीला घासणारा भाग शेवटी पाहावा.

काही गाड्यांत क्लच आणि ब्रेक यांची ऑइलची टाकी एकच असते. अशा टाकीत क्लचकडे जाणारी वाट सहसा वरच्या अंगास ठेवतात, जेणेकरून क्लचच्या गळतीने ब्रेकचे ऑइल संपू नये. तरीही सामाईक टाकीची पातळी उतरत असताना 'फक्त क्लचचे दुखणे आहे' असे मानून माल भरणे धोक्याचे आहे. गळती कोणत्या बाजूची आहे, हे ठरेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये.

मोजपट्टीचा निवाडा

गिअरबॉक्स उतरवायचा की नाही, हे ठरवणारी खरी चाचणी म्हणजे स्लेव्हच्या दांड्याची चाल मोजणे. गाडी सपाट जागेवर उभी करावी, इंजिन बंद ठेवावे, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. दांड्यावर खडूची खूण करून मदतनीसाला पेडल सावकाश तळापर्यंत दाबायला सांगावे आणि खूण किती सरकली ते मोजपट्टीने पाहावे. पेडल तसेच एक मिनिट दाबून ठेवावे. दांडा हळूहळू मागे येत असेल, तर ऑइल कोठेतरी निसटते आहे.

मिळालेली चाल गाडीच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडावी. जुन्या गाडीची पुस्तिका हाती असतेच असे नाही. तेव्हा वर दाखवलेला हिशेब उपयोगी पडतो. सिलिंडरचा आतला व्यास पुष्कळदा त्याच्या अंगावरच ओतीव अक्षरांत दिलेला असतो. मास्टरच्या दांड्याची प्रत्यक्ष चाल मोजून तिला दोन क्षेत्रफळांच्या प्रमाणाने भागले की स्लेव्हची अपेक्षित चाल मिळते. रबरी नळीचे किंचित फुगणे आणि मोकळी चाल यांमुळे एक-दीड मिलिमीटरचा फरक स्वाभाविक आहे. तीन मिलिमीटर किंवा त्याहून अधिक तूट आढळल्यास दोष ऑइलच्या बाजूला आहे आणि गिअरबॉक्सला हात लावण्याचे कारण नाही. चाल पुरेपूर असून दांडा दाबलेल्या जागी स्थिरही राहतो, पण क्लच सुटत नाही, अशा वेळीच दोष कवचाच्या आत असतो. वाकलेली प्लेट, प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगचे मोडलेले बोट, फोर्कच्या आधाराची झीज किंवा फ्लायव्हीलमधील पायलट बेअरिंग जाम होणे, ही तेथील नेहमीची कारणे होत.

हा हिशेब करताना कधी एक अनपेक्षित गोष्ट उघड होते. दुरुस्त होत-होत जुन्या गाडीत दुसऱ्याच मॉडेलचा स्लेव्ह बसवलेला असतो. तीन चतुर्थांश इंचाच्या जागी सात अष्टमांश इंचाचा, म्हणजे २२.२ मिलिमीटरचा सिलिंडर आला, तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३.८७ चौरस सेंटिमीटर होते आणि त्याच पाच मिलिलिटरमध्ये चाल तेरा मिलिमीटरच्याही आत येते. पेडल हलके लागते, मालक खूश होतो, क्लच मात्र सुटत नाही. हवा कितीही काढली तरी हा दोष जात नाही.

चाल कमी भरली, पण पेडल कडक आहे आणि हवाही नाही, असे आढळले तर नजर पुन्हा चालकाच्या पायाकडे न्यावी. पेडल आणि मास्टरचा दांडा जोडणारी पिन झिजून तिचे भोक लांबट होते. तेथे एक मिलिमीटरची ढिलाई आली, तर सहापट तरफेमुळे पेडलचे सहा मिलिमीटर वाया जातात. पेडलच्या आधाराला गेलेला तडा किंवा मास्टर ज्या पत्र्यावर बसतो त्या पत्र्याचे लवणेही याच प्रकारात मोडते. मदतनीस पेडल दाबत असताना बॉनेट उघडून मास्टरकडे पाहावे. तो पत्र्यासकट पुढे सरकताना दिसला, तर कारण सापडले.

मास्टर की स्लेव्ह?

दोष ऑइलच्या बाजूला आहे हे ठरल्यावर दोन्ही सिलिंडर एकदम बदलण्याचा सल्ला मिळतो. जुन्या गाडीत तो अगदीच चुकीचा नाही, कारण दोन्ही कपांचे वय सारखेच असते. तरी दोषी कोण हे कळल्याशिवाय खर्च करू नये. मास्टरच्या मुखाशी नळी सोडवून तेथे योग्य आट्यांचा बंद बोल्ट तांब्याच्या वॉशरसह घट्ट बसवावा, टाकी भरून मास्टरमधील हवा काढावी आणि पेडल दाबावे. मास्टर चांगला असेल, तर पेडल थोडे जाऊन दगडासारखे थांबते. ते खाली बसत गेले, तर मास्टर दोषी. काही कारागीर याऐवजी रबरी नळी पकडीने चिमटतात. नव्या नळीला ते चालून जाते. जुन्या नळीच्या आतला थर त्याने फाटतो आणि एका दोषाचे दोन होतात.

सिलिंडर उघडल्यास आतील भिंतीवरून नख फिरवून पाहावे. गंजाचे खड्डे नखाला लागत असतील, तर नवे रबर किट बसवून उपयोग नाही. नवा कप त्या खड्ड्यांवर थोड्याच दिवसांत फाटतो.

क्लच घसरत असेल तर

घसरणाऱ्या क्लचमध्ये प्लेटची झीज, इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या सीलमधून प्लेटवर आलेले तेल आणि प्रेशर प्लेटचा मंदावलेला जोर ही मुख्य कारणे असतात, हे खरे. परंतु येथेही एक हायड्रॉलिक कारण लपलेले असते. पेडल सोडल्यावर मास्टरचा दट्ट्या पूर्ण मागे आला, तरच टाकीकडे जाणारे सूक्ष्म छिद्र उघडते आणि ऑइलचा दाब उतरतो. दांडा जास्त लांब जुळवला गेला, कप फुगला किंवा रबरी नळीचा आतला थर सुटून झडपेसारखा आडवा आला, तर थोडा दाब मागे अडकून राहतो. रिलीज बेअरिंग स्प्रिंगला सतत रेटत राहते. जणू चालक अर्धा क्लच दाबूनच गाडी हाकत असतो.

याची परीक्षा सोपी आहे. क्लच घसरत असतानाच गाडी थांबवून, इंजिन बंद करून, स्लेव्हवरील हवा काढण्याचे निपल किंचित सैल करावे. ऑइलची चिळकांडी उडाली आणि त्यानंतर क्लचने पकड घेतली, तर प्लेट निर्दोष आहे. चिळकांडी डोळ्यांत जाऊ नये, म्हणून निपलवर आधी नळी चढवावी.

क्लच सुटत नाही म्हणून दांडा लांब करून 'ॲडजस्ट' करण्याची पद्धतही येथेच येऊन पोहोचते. मूळ गळती तशीच राहते, पेडलची मोकळी चाल नाहीशी होते आणि एका दोषावर दुसरा चढतो. मास्टरचा दांडा आणि दट्ट्या यांच्यात एक-दोन मिलिमीटरची ढिलाई राहिलीच पाहिजे.

ऑइल आणि रबर

या यंत्रणेत गाडीच्या उत्पादकाने सांगितलेले ब्रेक ऑइलच वापरावे. जुन्या गाड्यांत ते बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४ असते. ही ग्लायकॉल जातीची ऑइल हवेतील ओल शोषतात. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओल शोषलेल्या ऑइलसाठी मानकाची किमान अट १४० अंशांवर येते. क्लचमध्ये ब्रेकइतकी उष्णता नसते, त्यामुळे येथे ओलीचे मुख्य नुकसान म्हणजे सिलिंडरचा गंज. वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल काळे पडलेले दिसते. तो काळेपणा बहुतांशी झिजलेल्या रबराचा असतो.

रस्त्यात ऑइल संपले म्हणून इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक तेल ओतणे हा सर्वांत महाग पडणारा उपाय आहे. खनिज तेलाने या यंत्रणेचे रबर फुगते. शंका असल्यास टाकीतील थेंबभर ऑइल पाण्याच्या पेल्यात टाकावे. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते, खनिज तेल वर तरंगते. तवंग दिसला तर सर्व कप आणि रबरी नळी बदलून संपूर्ण मार्ग ताज्या ब्रेक ऑइलने धुवावा लागतो. टाकी ब्रेकशी सामाईक असेल, तर ब्रेकचे रबरही बाधित झाले असे मानून गाडी जागेवरच उभी ठेवावी. रबरी भाग पेट्रोल किंवा डिझेलने कधीही धुऊ नयेत; ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट वापरावे.

हवा काढताना

निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइल भरलेल्या बाटलीत बुडवावे. पेडल दाबले की निपल उघडावे, बंद केल्यावरच पेडल सोडावे, आणि टाकी मधेच रिकामी होऊ देऊ नये, हे सर्वज्ञात आहे. जुन्या गाडीत दोन गोष्टींची भर घालावी लागते. एक म्हणजे निपल सिलिंडरच्या वरच्या अंगास आहे ना, ते पाहावे. स्लेव्ह उलटा बसला असेल, तर दिवसभर पेडल दाबूनही वरची हवा निघणार नाही. दुसरी अधिक महत्त्वाची. मास्टरचा कप वर्षानुवर्षे सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरलेला असतो. पुढचा भाग गंजलेला असू शकतो. हवा काढताना पेडल जोराने तळापर्यंत दाबले की कप प्रथमच त्या गंजावर जातो आणि कापला जातो. 'हवा काढली आणि मास्टर बसला' ही तक्रार येथून येते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवून चाल नेहमीच्या मर्यादेत ठेवल्यास हे टळते.

हवा हट्टाने अडकली असेल, तर उलट दिशेने काम करावे. स्लेव्हचा दट्ट्या हाताने सावकाश आत ढकलला की ऑइल मागे जाते आणि बुडबुडे आपल्या स्वाभाविक दिशेने, म्हणजे वर, टाकीत येतात. टाकी आधी थोडी रिकामी ठेवावी, अन्यथा ऑइल ओसंडून रंग जातो. सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

हाच नियम स्लेव्हलाही लागू पडतो. ज्या गाड्यांत झिजेची भरपाई स्लेव्ह आपोआप करतो, तेथे प्लेट झिजत जाते तसा त्याचा दट्ट्या सिलिंडरमध्ये खोल जातो. नवी प्लेट बसली की तो पुन्हा बाहेरच्या, बरीच वर्षे न वापरलेल्या आणि बहुधा गंजलेल्या भागात काम करू लागतो. म्हणून प्लेट खरोखरच बदलावी लागली, तर त्यानंतरचे काही आठवडे स्लेव्हचे बूट अधूनमधून उचलून पाहावे.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचे दुखणे मात्र याहून निराळे असते. दमट हवेत प्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटते. स्लेव्हची चाल पुरेपूर भरते, पेडल नेहमीसारखे लागते, आणि तरीही क्लच अजिबात सुटत नाही. हंगाम नसताना दर पंधरवड्याला इंजिन चालू करून गाडी थोडी पुढे-मागे घेतली आणि क्लच काही वेळा दाबला, तर प्लेट चिकटत नाही. चिकटलीच तर अनुभवी चालकाने समोर माणूस, जनावर वा भिंत नसलेल्या मोकळ्या शेतात, इंजिन गरम करून, पेडल दाबून, पहिल्या गिअरमध्येच गाडी सुरू करावी आणि पेडल दाबलेलेच ठेवून वेग कमी-जास्त करावा. बहुतेक वेळा प्लेट धक्क्यासरशी सुटते. दोन-तीन प्रयत्नांत सुटली नाही, तर गिअरबॉक्स उतरवावा.